बिझनेस क्लासचे आसन निवडताना पाय कोठे जातील ते पाहावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रवास पुरवणीत लांब पल्ल्याच्या विमानप्रवासाविषयीचा लेख नुकताच वाचला. पैशांची सोय होत असेल तर बिझनेस क्लासचे तिकीट काढावे, पुढचा आराम आपोआप मिळतो, असा त्या लेखाचा सूर होता. गेली बरीच वर्षे मी विमान तिकिटांच्या आरक्षणाचे काम करते आणि या विधानाशी मला सहमत होता येत नाही. एकाच विमानात, एकाच कक्षात, एकाच भाड्याची दोन आसने इतकी वेगळी असू शकतात की एकावरचा प्रवासी सलग झोप घेऊन ताजातवाना उतरतो आणि दुसऱ्यावरचा अवघडलेले गुडघे चोळत उतरतो. हा फरक तिकिटावर कोठेही छापलेला नसतो. तो आसनांच्या नकाशात दडलेला असतो, आणि तो नकाशा वाचायचा कसा हे प्रवाशाला सहसा कोणी समजावून सांगत नाही, म्हणून हे पत्र.

हा विषय श्रीमंतांच्या चोचल्यांचा आहे असे कोणी म्हणेल. प्रत्यक्षात बिझनेस क्लासचे तिकीट मागणाऱ्यांत कंपनीच्या खर्चाने फिरणारे अधिकारी जसे असतात, तसेच गुडघ्याची किंवा मणक्याची शस्त्रक्रिया झालेले, सत्तरी ओलांडल्यावर दूर राहणाऱ्या मुलांकडे निघालेले, उपचारांसाठी दूरच्या रुग्णालयात चाललेले आणि वर्षानुवर्षे विमान कंपनीचे मैल (प्रवासाबद्दल मिळणारे गुण) साठवून एकदाच असे तिकीट घेणारेही पुष्कळ असतात. नेहमी फिरणाऱ्या अधिकाऱ्याची एक रात्र वाईट गेली, तर तो पुढच्या वेळी दुसरे आसन मागून घेतो. या बाकीच्यांना बहुधा पुढची वेळ नसते, आणि आसनाची माहितीही त्यांनाच सर्वांत कमी असते.

आसनाचा विषय निघाला की बहुतेक प्रवासी एकच विचारतात, खिडकी मिळेल का आयल, म्हणजे मार्गिकेलगतचे आसन? इकॉनॉमीत हा प्रश्न बरोबर आहे. बिझनेस क्लासमध्ये मात्र त्याआधी विचारायचा प्रश्न असा, की आडवे झाल्यावर आपले पाय कोठे जाणार? पूर्ण सपाट होणारा पलंग साधारणपणे दोन मीटर लांब असतो. प्रत्येक प्रवाशाला एवढी मोकळी लांबी सरळ रेषेत द्यायची ठरवली, तर कक्षात फारच थोडी आसने मावतील. म्हणून आसन बनवणाऱ्यांनी पुढच्या प्रवाशाच्या हाताजवळच्या टेबलाखाली एक पोकळी ठेवली आणि मागच्या प्रवाशाचे पाय त्या पोकळीत सरकवले. पलंगाची लांबी जाहिरातीत सांगितली जाते. तिच्यातला किती भाग त्या पोकळीत जातो आणि पोकळी किती रुंद आहे, हे सांगितले जात नाही.

बसलेल्या अवस्थेत हा कप्पा निरुपद्रवी वाटतो. समोरच्या पडद्याखाली अंधारी चौकट दिसते, तिच्यात पाय टेकवता येतात, बूटही ठेवता येतात. रात्री आसन सपाट केले की त्या चौकटीचा अर्थ कळतो. उताणे झोपले तर दोन्ही पावले शेजारी शेजारी मावतात, पण बोटे वरच्या कडेला लागतात. कुशीवर वळून गुडघे दुमडावेत तर नडगी कप्प्याच्या कडेवर येते, आणि ती कडा कठीण प्लास्टिकची असते. कूस बदलायची तर आधी दोन्ही पाय मागे ओढून बाहेर काढायचे, वळायचे आणि पुन्हा आत घालायचे. तोवर पांघरूण आतल्या कोपऱ्यात गोळा झालेले असते. तरुण, सडपातळ आणि उताणे झोपणाऱ्या माणसाला याचा त्रास जाणवणारही नाही. ज्याचा गुडघा पुरता वाकत नाही, ज्याच्या पावलांना सूज येते, ज्याची उंची सहा फुटांच्या वर आहे किंवा ज्याला एका कुशीवरच झोप लागते, त्याच्यासाठी मात्र हा कप्पा म्हणजेच सगळे आसन होय.

याच कारणामुळे मी अशा प्रवाशांसाठी पहिली रांग आधी पाहते. समोर दुसरे आसन नसून भिंत असते, अशा या रांगेला बल्कहेड म्हणतात. मागच्या रांगांतले पाय पुढच्याच्या टेबलाखाली जातात. पहिल्या रांगेपुढे कोणाचे टेबलच नसल्याने अनेक विमानांत तेथे पायांसाठी रुंद, उघडा बाक मिळतो. सिंगापूर एअरलाइन्सने २०१३ मध्ये आणलेल्या आसनात इतर रांगांतल्या प्रवाशाला पाय कोपऱ्यातल्या लहान कप्प्यात घालून तिरपे झोपावे लागते, तर पहिल्या रांगेत पायांखाली आसनाच्या रुंदीचा बाक असतो. भाडे दोघांचेही सारखेच. पहिल्या रांगेत तोटेही आहेत. बाळांचे पाळणे बहुतेक वेळा याच भिंतीला अडकवले जातात, पुढे गॅली (खाणेपिणे तयार करण्याची जागा) किंवा स्वच्छतागृह असेल तर उजेड आणि आवाज येत राहतो, आणि काही विमानांत हाताशी लागणारी पिशवीसुद्धा उड्डाणाच्या वेळी वरच्या कप्प्यात ठेवावी लागते. झोप हलकी असेल तर हे तोटे जड जातात. पायांची अडचण असेल तर माझ्या मते ते पत्करावेत. आवाजाला कानात बोळे घालता येतात, आखूड कप्प्याला काहीच करता येत नाही.

आता आसनांच्या मांडणीविषयी, कारण नकाशा वाचायला तीच उपयोगी पडते. बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट पलंग ब्रिटिश एअरवेजने २००० साली आणला. त्या मांडणीत निम्मे प्रवासी विमानाच्या शेपटीकडे तोंड करून बसत आणि खिडकीजवळच्या प्रवाशाला रात्री बाहेर पडताना शेजाऱ्याचे पसरलेले पाय ओलांडावे लागत. व्हर्जिन अटलांटिकने २००३ मध्ये माशाच्या काट्यासारखी तिरपी मांडणी आणली, जिला हेरिंगबोन म्हणतात. तिच्यात प्रत्येकाला थेट मार्गिकेत उतरता येते, पण डोके खिडकीकडे आणि पाय मार्गिकेकडे येतात. बाहेरचे पाहायचे तर मान मागे वळवावी लागते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नजर थेट अंगावर पडते. कॅथे पॅसिफिकने हीच मांडणी वापरून पाहिली आणि २०११ पासून ती उलटी केली. या रिव्हर्स हेरिंगबोनमध्ये प्रवासी खिडकीकडे तोंड करून बसतो, पाठ मार्गिकेकडे येते आणि गुडघ्यांपाशी बऱ्यापैकी मोकळीक राहते. एकट्या प्रवाशाला कोणतीही चौकशी न करता डोळे मिटून आसन घ्यायचे असेल, तर मी याच मांडणीचे विमान सुचवते, कारण तिच्यातले चांगले आसन आणि वाईट आसन यांत फारसे अंतर नसते.

खरे अंतर पडते ते स्टॅगर्ड मांडणीत. येथे आसने सरळ पुढे तोंड करून असतात, पण एका रांगेत आसन खिडकीला चिकटून आणि टेबल मार्गिकेच्या बाजूला, तर पुढच्या रांगेत टेबल खिडकीकडे आणि आसन मार्गिकेला लागून, अशी आलटून पालटून रचना असते. नकाशात दोन्हींवर खिडकीचेच चिन्ह असते. एकात टेबलाच्या आडोशाला निवांत झोपता येते. दुसऱ्यात रात्रभर खांद्याजवळून खाण्यापिण्याच्या गाड्या आणि माणसे जात राहतात आणि झोपेत हात बाहेर आला तर कोणाचा तरी धक्का लागतो. काही कंपन्या खिडकीलगतच्या आसनांना ए आणि के, तर मार्गिकेलगतच्यांना बी आणि जे अशी अक्षरे देतात, त्यामुळे अक्षर पाहूनच ओळख पटते. काही कंपन्या दोन्हींना एकच अक्षर देतात, आणि मग सम रांग की विषम रांग एवढाच धागा हाती राहतो. मधल्या दोन आसनांचेही तसेच. एका रांगेत ती एकमेकांना चिकटून असतात आणि पुढच्या रांगेत दोन टेबलांच्या अंतराने दूर जातात. नवराबायकोला पहिली जोडी बरी, अनोळखी सहप्रवाशाबरोबर मात्र ती अवघड होते.

एका रांगेत दोन-दोन-दोन किंवा दोन-तीन-दोन आसने असलेल्या जुन्या मांडण्याही अजून आकाशात आहेत, हे विसरू नये. एमिरेट्सच्या काही बोइंग ७७७ विमानांत बिझनेस क्लासमध्येही मधल्या तिघांतले मधले आसन असते. लुफ्तान्साच्या जुन्या मांडणीत शेजारशेजारच्या दोन प्रवाशांची आसने एकमेकांकडे कललेली असून पाय एकमेकांजवळ येतात. दोघे ओळखीचे असतील तर या मांडण्यांत गैर काही नाही. खिडकीतल्याने शेजाऱ्याला उठवले तरी तो घरचाच असतो. एकट्या वृद्ध प्रवाशाला मात्र अशा विमानात खिडकीचे आसन कधीही देऊ नये. रात्रीतून दोनतीनदा उठावे लागणाऱ्या माणसाला अनोळखी व्यक्तीचे पाय ओलांडून जायचा इतका संकोच वाटतो की तो पाणी पिणेच टाळतो, आणि लांब प्रवासात नेमके तेच करू नये. चार तासांहून अधिक काळ न हलता बसून केलेल्या प्रवासाने रक्तवाहिनीत गुठळी होण्याची शक्यता सुमारे दुपटीने वाढते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले. एरवी ही शक्यता थोडीच असते, पण लठ्ठपणा, गर्भनिरोधक गोळ्या, खूप उंच किंवा खूप ठेंगणी चण अशा कारणांनी ती वाढते. कोणालाही न उठवता मार्गिकेत उतरता येणे ही म्हणूनच चैनीची बाब राहत नाही.

दरवाजा असलेल्या आसनांचे सध्या फार आकर्षण आहे. कतार एअरवेजच्या क्यूस्वीटने २०१७ मध्ये ही कल्पना लोकप्रिय केली आणि त्यानंतर अनेकांनी ती उचलली. दरवाजाने नजर अडते हे खरे. आवाज अडत नाही, कारण भिंती छतापर्यंत जात नाहीत, आणि उड्डाण करताना व उतरताना दरवाजा उघडाच ठेवावा लागतो. दरवाजासाठी विमान निवडणाऱ्यांना मी एवढेच सांगते की दरवाजा आणि पायांची जागा यांत निवड करायची वेळ आली तर जागा घ्यावी. याच क्यूस्वीटमध्ये निम्मी आसने उलट्या दिशेची आहेत. उंचावर उडताना विमानाचे नाक दोन-तीन अंश वर असते, त्यामुळे उलट बसलेला प्रवासी किंचित पुढे झुकल्यासारखा राहतो. अनेकांना ते कळतही नाही, पण ज्याला गाडीत मागे तोंड करून बसल्यावर मळमळते, त्याने नकाशात आसनाचे तोंड कोणीकडे आहे हे पाहूनच बोट ठेवावे.

कक्षातल्या जागेविषयी थोडक्यात सांगते. गॅली आणि स्वच्छतागृह यांच्यापासून दोनतीन रांगा दूर राहावे. पंखांच्या पुढच्या भागात इंजिनाचा आवाज कमी असतो, तर हेलकावे पंखांच्या जवळपास सर्वांत कमी जाणवतात. बिझनेस क्लासचा लहानसा मागचा भाग स्वतंत्र असेल तर तो बहुधा शांत असतो. एअरबस ए ३८० च्या वरच्या मजल्यावर खिडकीच्या कडेने सामानाचे खोल कप्पे असतात, आणि औषधांची पिशवी सारखी हाताशी लागणाऱ्याला त्यांचा मोठाच उपयोग होतो. मांडीवर बाळ असेल तर आणखी एक चौकशी करावी लागते. काही आसनांच्या पट्ट्यातच हवेची पिशवी (एअरबॅग) बसवलेली असते, आणि तशा आसनावर मांडीवरच्या बाळाला बसू देत नाहीत. विमानतळावर ऐन वेळी हे समजले की आईबाळाला मिळेल त्या आसनावर जावे लागते.

एवढे सगळे पाहून घेतलेले आसनही हातातून जाऊ शकते, आणि माझी खरी तक्रार येथे आहे. गुडघ्याचे प्रत्यारोपण झालेल्या एका ज्येष्ठ बाईंसाठी मी एका विमान कंपनीत पहिल्या रांगेतले, मार्गिकेत थेट उतरता येणारे आसन घेतले होते. प्रवासाच्या काही दिवस आधी कंपनीने विमान बदलले. नव्या विमानात दोन-दोनच्या जोड्या होत्या आणि संगणकाने बाईंना मागच्या रांगेत खिडकीशी नेऊन बसवले. ई-मेल आला तो केवळ वेळापत्रकात किरकोळ बदल झाल्याचा. आसनाचा त्यात उल्लेखही नव्हता. मी फोन केला तेव्हा पलीकडून शांतपणे सांगण्यात आले की क्लास तोच आहे, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. प्रत्यारोपणाचे वैद्यकीय पत्र पाठवल्यानंतर आणि बऱ्याच विनवण्या केल्यानंतर मार्गिकेचे आसन मिळाले, पहिली रांग मिळाली नाही. बाईंनी रात्रभर पाय कप्प्याबाहेर, हातपिशवीवर टेकवून प्रवास केला. त्यांनी कुरकूर केली नाही, पण ज्या एका कारणासाठी त्यांच्या मुलाने एवढे पैसे भरले होते, ते कारणच त्या रात्री उरले नव्हते.

प्रवाशाने आपल्या परीने काय करावे, हे सांगणे म्हणूनच भाग आहे. तिकीट काढण्यापूर्वी विमानाचा प्रकार पाहावा. तो वेळापत्रकात दिलेला असतो. आमच्या पडद्यावर ७७डब्ल्यू दिसले की ते बोइंग ७७७-३०० ईआर, ३५९ म्हणजे एअरबस ए ३५०-९००. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन ७७डब्ल्यू विमानांत दोन वेगळ्या मांडण्या असू शकतात. आसनांच्या नकाशातल्या रांगांची संख्या आणि अक्षरे जुळतात का हे पाहिल्यावरच मांडणीची खात्री होते. तिकीट झाल्यावर आठवड्यातून एकदा तरी आरक्षण उघडून आपला आसन क्रमांक तोच आहे ना, हे तपासावे. पाळण्यासाठी राखून ठेवलेली पहिली रांग पुष्कळदा अगदी शेवटी, वेब चेक-इन सुरू होण्याच्या सुमारास खुली होते, त्या वेळी पुन्हा एकदा पाहावे. शारीरिक अडचण असेल तर ती आरक्षणात लेखी नोंदवून घ्यावी. तोंडी सांगितलेले पुढच्या कर्मचाऱ्यापर्यंत पोचत नाही.

सगळा भार प्रवाशावर टाकणे मात्र मला मान्य नाही. काही कंपन्या आता बिझनेस क्लासमध्येही आसन आधी निवडायचे वेगळे पैसे घेतात, तर काहींनी स्वस्त बिझनेस भाडे आणून त्यातून आसन निवडीची सोयच काढली आहे. लुफ्तान्साने २०२४ मध्ये सुरू केलेल्या अलेग्रिस कक्षात एकाच बिझनेस क्लासमध्ये अनेक प्रकारची आसने आहेत, २.२० मीटर लांबीच्या पलंगासाठी आणि जास्त जागेच्या आसनांसाठी वरचे पैसे पडतात. त्यात निदान एक प्रामाणिकपणा आहे, की सगळी आसने सारखी नाहीत हे कंपनी स्वतःच मान्य करते. पण आसनांत फरक आहे म्हणून पैसे घ्यायचे आणि विमान बदलल्यावर क्लास तोच आहे म्हणून हात झटकायचे, हे दोन्ही एकत्र चालू नये. ज्या आसनासाठी जास्तीचे पैसे भरले ते न मिळाल्यास ते पैसे परत मिळायला हवेत. वैद्यकीय कारणासाठी निवडलेले आसन गेले, तर तुल्य आसन किंवा दंडाशिवाय तारीख बदलण्याची मुभा मिळायला हवी. नकाशाही प्रमाणात काढलेला असावा, त्यात टेबल कोणत्या बाजूला आहे, आसनाचे तोंड कोणीकडे आहे आणि पायांच्या कप्प्याची रुंदी किती आहे, हे दिसावे. ही मोजमापे कंपन्यांकडे असतातच, ती छापायला वेगळा खर्च येत नाही.

आपल्या पुरवणीत नव्या विमानसेवांच्या बातम्या नियमित येतात आणि त्यांत भाडे, वेळ व जेवणाची वर्णने भरपूर असतात. त्याच चौकटीत विमानाचा प्रकार, आसनांची मांडणी आणि कोणत्या रांगांत पायांना मोकळी जागा आहे एवढ्या तीन ओळी वाढवाव्यात, अशी माझी आपल्याला विनंती आहे. त्यासाठी लागणारी माहिती जमवून द्यायला माझ्यासारखे आरक्षणाचे काम करणारे पुष्कळ जण आनंदाने तयार होतील.

कळावे.

आपली नम्र,
विमान तिकीट आरक्षण क्षेत्रातील एक वाचक